फॉर्म बनवणाऱ्यांना एकदा गावात पाठवा

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. दाखले, पीक विमा, शिष्यवृत्ती, निराधारांचे अर्ज, दिवसभर हेच काम. माणसं स्क्रीनपुढे कुठे अडतात ते मी रोज बघतो, म्हणून लिहितोय.

मागे एक आजी बाद झालेला अर्ज घेऊन आल्या. अर्ज नातवाने मोबाइलवर भरला होता. गावांची यादी इंग्रजीत आणि नावापुढे नुसतं ‘बीके’, ‘केएच’. बुद्रुक कुठलं, खुर्द कुठलं, पोराला कळेना. त्याने एकावर बोट ठेवलं आणि खुर्दच्या आजी बुद्रुकच्या झाल्या. आजी चौथी शिकलेल्या आहेत. यादी मराठीत असती तर त्यांनी स्वतःच गाव दाखवलं असतं. दुरुस्तीसाठी तालुक्याला दोन चकरा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली.

त्याच फॉर्मच्या खाली दोन बटणं होती, एकसारख्या रंगाची, एकमेकांना चिकटून: ‘सादर करा’ आणि ‘पुनर्स्थित करा’. दुसरं दाबलं की भरलेलं सगळं पुसलं जातं. आमच्याकडे ‘पुनर्स्थित’ कोणी म्हणत नाही. ‘सगळं पुसा’ लिहिलं असतं तर कोणी हात लावला नसता. खरं तर ते बटण तिथे हवंच कशाला?

ओटीपीचं दुखणं याहून मोठं आहे. ऊसतोडीच्या हंगामात पोरगा-सून कारखान्यावर जातात, म्हातारी माणसं गावात राहतात. घरात फोन एकच, तो पोराबरोबर. ओटीपी जातो सांगलीकडच्या फडात. मी इथून फोन लावतो, तो कोयता ठेवून आकडा सांगेपर्यंत मुदत संपते. अंगठा लावावा तर वर्षानुवर्षं ऊस तोडून रेषा झिजलेल्या. अंगठा उठतच नाही. यात त्या माणसाची चूक काय? तरी मान खाली घालून तोच म्हणतो, “आम्हाला नाही जमत हे.” ते ऐकवत नाही, साहेब.

हे सुधारायचं ज्ञान आपल्याच राज्यात आहे. पवईच्या आयआयटीत डिझाइनचं शिक्षण देणारी आयडीसी १९६९ पासून आहे. तिथेच ‘स्वरचक्र’ हा मराठी कीबोर्ड तयार झाला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु उमलतात. शाळेत घोकलेली बाराखडीच ती, वेगळं काही शिकावं लागत नाही. माणसाला आधीपासून काय येतं ते बघून केलेली वस्तू अशी असते.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, डोळे मिचकावून दाखवा म्हणतात, ते ज्यांना शक्य नाही अशा ॲसिड हल्ला झालेल्या आणि अंध नागरिकांचं ते प्रकरण होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्याने व्हॉट्सॲपवरून सेवा देण्यासाठी व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिच्याशी करार केला. उद्या माणूस फोनशी बोलेल आणि अर्ज भरला जाईल. मला त्याची आशा आहे, लिहिता न येणाऱ्यांचं त्यात भलं आहे. पण आमच्याकडची माणसं पुस्तकी मराठी बोलत नाहीत. यंत्राने भलतंच ऐकलं तर? म्हणून अर्ज पुढे जाण्याआधी त्याने काय ऐकलं ते साध्या भाषेत वाचून दाखवावं, “गाव अमुक खुर्द, बरोबर?” असं विचारावं आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करू द्यावी.

माझी मागणी एवढीच: कुठलंही पोर्टल सुरू करण्याआधी ते बनवणाऱ्यांना आमच्यासारख्या केंद्रांवर बसवा. त्यांनी काही समजावून सांगू नये, फक्त लोकांचं बोट कुठे थांबतं ते पाहावं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी पाठवा, नंतर आले तर ज्यांना भेटायचं ती निम्मी माणसं गावात नसतील.

आपला,
एक सेवा केंद्रचालक, बीड जिल्हा