बाजारातल्या खेळणीवाल्या काकाजींना

काकाजी, शिरसाष्टांग नमस्कार.

चार वर्षं दर बुधवारी तुमच्या ताडपत्रीपुढं येऊन बसले, पण तुमचं नाव कधी विचारलं नाही. माझ्यासाठी तुम्ही काकाजी, पोरांसाठी खेळणीवाले आबा. दिवाळीनंतर बसस्टँडजवळच्या निंबाखालची तुमची जागा रिकामी आहे. कांदेवाल्या बाई म्हणतात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चपलांचं दुकान लावणारे दादा म्हणतात तुम्ही लेकीकडे पुलगावला गेलात. नंबर कुणाकडेच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. वर्धा जिल्ह्यातले आठवडी बाजार करणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी काकाजींना एवढं वाचून दाखवावं. त्यांना जवळचं नीट दिसत नाही. चष्म्याला एका बाजूला काडी आहे आणि दुसऱ्या बाजूला सुतळी. त्यावरून ओळखू येतील.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती २०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे घरात आलेले. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दीडची. घरात एवढ्यात काही आनंदाचं घडलं नव्हतं, आणि पोरांसाठी काहीतरी चमकणारं, वाजणारं घ्यायचं हे मी मनाशी पक्कं करून आले होते. तुमच्या शेजारीच एक जण गिरक्या घेत गाणं म्हणणारी बाहुली विकत होता. ती मी घेतली, आणि तशीच आणखी एक आहे का म्हणून तुम्हाला दाखवली. तुम्ही ती हातात घेतली, उलटी केली आणि नखानं खालचं झाकण उचकटलं. ते लगेच उघडलं. आतून रुपयाएवढ्या तीन चपट्या बॅटऱ्या तुमच्या तळहातावर पडल्या.

"घरी लहान लेकरू हाय काय माय?"

मी हो म्हटलं.

"मग हे परत करून ये. माझ्याजवळ बी अशीच एक हाय, पन ते तुले देत नाही मी."

मला राग आला होता, काकाजी. तो आज तुमच्यापुढं कबूल करते. मला वाटलं, माझ्या लुगड्याकडे पाहून यांनी अंदाज बांधला. तुम्ही ते ओळखलं असावं. म्हणालात, "पैशाची गोष्ट नाही पोरी. याच्या झाकनाले पेच नाही, पाह्य. पेचकस लागल्याबिगर जे उघडते, ते लेकराच्या हातानं बी उघडते." मग गोणपाटाखालून कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी काढलीत. त्या डबीत बाहुलीचे बूट टाकले, ते मावले. डोक्यावरचं फूल टाकलं, तेही मावलं. "या डबीत जे मावलं, ते तीन वर्साखालच्या लेकराच्या हाती द्याचं नाही. घशात अडकते." आणि ती डबी माझ्या हातात ठेवलीत. "ने. मले दुसरी हाय."

त्या दिवशी तुम्ही मला काहीच विकलं नाही. ज्याचं पोट विक्रीवर चालतं, त्या माणसानं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवलं. घरी जाताना बसमध्ये मी त्या रिकाम्या डबीकडेच पाहत होते.

पुढच्या फेब्रुवारीत जत्रा झाली. पाहुण्यांनी मुलीला गाणारं फुलपाखरू आणलं. मी चुलीपाशी होते, ती ओसरीत. गाणं मध्येच बंद पडलं आणि पोरगी गप्प झाली. तेवढ्यानं मी उठले. तुम्ही भेटला नसता तर उठले नसते. खेळणं बिघडलं म्हणून बरंच वाटलं असतं. तिच्या मुठीत ती चपटी बॅटरी होती आणि मूठ ओठांशी टेकलेली.

तोंडात गेली नाही. एवढंच घडलं, आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

दुसऱ्या दिवशी लसीसाठी ग्रामीण रुग्णालयात गेले तेव्हा डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून खुर्ची पुढे ओढली. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली की लाळेतून तिचा करंट सुरू होतो, आणि तिथं तीव्र क्षार तयार होऊन आतली कातडी जळू लागते. बॅटरी गळायची किंवा फुटायची गरज नसते, आणि दोन तासांतही मोठी जखम होऊ शकते. पोर सुरुवातीला फार रडतही नाही. लाळ गाळतं, जेवत नाही, खोकतं. आपण सर्दी समजून बसतो. एक्स-रेत ती नाण्यासारखी दिसते, फक्त कडेला दुहेरी गोल दिसतो. उलटी काढायची नाही, वाट पाहायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. माझ्यासारख्या आया हे पत्र वाचतील, म्हणून त्यांचं बोलणं जसंच्या तसं इथं लिहिते आहे.

तेव्हापासून मी खेळणं घेताना तुमच्यासारखं आधी उलटं करते. आयएसआयचा शिक्का शोधायचं तुम्हीच शिकवलंत. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो सक्तीचा झाला. साध्या खेळण्यावर आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यावर आयएस १५६४४ असा आकडा असतो. नोंदणी केलेल्या कारागिरांच्या हातच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, हेही तुमच्याच तोंडून ऐकलं. शिक्का नसलेला जुना माल तुम्ही एका बोरीत भरून बाजूला ठेवला होता. त्यात तुमचे किती पैसे अडकले होते ते मी विचारलं नाही. त्या बोरीवर तुम्ही बसायचात.

पाण्यात फुगणाऱ्या रंगीत मण्यांचा दिवसही आठवतो. मुलगा हट्टाला पेटला होता. नाही म्हणण्याऐवजी तुम्ही तुमच्या पाण्याच्या गिलासात एक मणी टाकलात आणि त्याला म्हणालात, बाजार उठताना ये. सकाळी मोहरीएवढा होता तो संध्याकाळी बोराएवढा झाला होता. "पोटात गेला त असाच फुगते. तुह्या बहिनीचं पोट केवढंसं हाय?" त्यानं पुन्हा कधी ते मणी मागितले नाहीत. मी शंभरदा ओरडून जे झालं नसतं, ते एका गिलासानं झालं.

मग आली ती पाकिटं. आत कोणता पुतळा निघेल ते बाहेरून कळत नाही, म्हणून पोरं वेडी होतात. माझ्या लहानपणी आगपेटीचे छाप जमवायचो, चिप्सच्या पुड्यातल्या गोल चकत्या जमवायचो, तीच ओढ. पण छाप फुकट होते. मुलानं अकरा पाकिटं घेतली आणि त्यात सात वेळा एकच हिरवा माकड निघाला. सातव्या वेळी तो रडला नाही, नुसता पाकिटाच्या कागदाकडे बघत राहिला. ते मला रडण्यापेक्षा जड गेलं. तुम्ही त्या बुधवारी ताडपत्रीच्या कोपऱ्यात एक पोतं अंथरलंत आणि पोरांना सांगितलंत, ज्याच्याजवळ जे दोनदा आलं असेल ते इथं मांडा. विकायचं नाही, बदलायचं. पुढच्या बुधवारी नऊ पोरं आली. शेजारच्या तीन गावांतली. माझ्या मुलाचे सहा माकड गेले आणि त्याबदल्यात त्याला हत्ती, पाणबुड्या आणि एक हात मोडलेला राजा मिळाला. तो राजा त्याला सगळ्यांत आवडतो. त्या पोत्यावरून तुम्हाला एक रुपया मिळत नव्हता, उलट पोरांच्या गर्दीनं गिऱ्हाईक मागच्या मागं निघून जायचं.

लहान धातूच्या गाड्यांचा नाद मात्र तुम्हीच लावलात, आणि त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. हॉट व्हील्सची पहिली गाडी त्यानं पोरांच्या पोळ्याला घरोघरी मिळालेल्या बोजाऱ्याच्या पैशातून घेतली. घरी नेण्याआधी तुम्ही ती उलटी धरून खालची अक्षरं वाचायला लावलीत. खाली छापलेलं साल गाडी बनल्याचं नसतं, तो साचा पहिल्यांदा तयार झाला त्याचं असतं. तिथंच देशाचं नाव असतं, मलेशिया नाहीतर थायलंड. नकली गाडीत ही अक्षरं फिसकटलेली असतात, नाहीतर नसतातच. या गाड्या १९६८ पासून निघतात हे त्यानंच मग शोधून काढलं. आणि या गाड्यांचं एकास चौसष्ट हे प्रमाण म्हणजे काय, हे त्याला तुमच्याकडच्या शिंप्याच्या टेपनं कळलं. गाडी सात सेंटिमीटर, गुणिले चौसष्ट, म्हणजे जवळपास साडेचार मीटर. त्या दिवशी बसस्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येक जीपची लांबी त्यानं मोजली. शाळेत त्याला गुणाकार नकोसा व्हायचा.

एके दिवशी त्याच्या गाड्यांचा डबा पाहून तुम्ही विचारलंत, "एवढ्या गाड्या जमवल्या, तुह्या घरची बंडी कुठं हाय त्यात?"

हा प्रश्न तो घरी घेऊन आला. दोन दिवस बोलला नाही. मग त्यानं आमच्या बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक मोजलं, दीड मीटर भरलं. एकास चौसष्ट केली तर बंडी फारच इवली होईल म्हणून त्यानं एकास सोळा धरलं. चाक जवळपास साडेनऊ सेंटिमीटर. माझ्या सासऱ्यांनी ज्वारीचे धांडे निवडून दिले, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे टोचले, चाकं जुन्या चपलेच्या रबरातून कापली. लहानपणी सासरे अशीच बंडी करायचे, पण मोजून कधी केली नव्हती. आजा आणि नातू तीन संध्याकाळी ओसरीत डोकं डोक्याला लावून बसले होते. घरात बोलणं कमी असतं, काकाजी. माझ्या नवऱ्याला जाऊन आता पाच वर्षं होतात. त्या तीन संध्याकाळी सासरे जेवढं बोलले, तेवढं त्याआधीच्या वर्षभरात बोलले नव्हते. बंडी डब्यात मावत नाही. ती कपाटावर आहे.

आता शेवटचं. आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्यात ओढायचा, सागवानी बैल आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी करवून घेतलेला. दिसायला साधा, पण खांदा असा भरदार की हात फिरवावासा वाटतो. सिंदी रेल्वे गावच्या तान्ह्या पोळ्यात माणसाएवढे लाकडी नंदी येतात, तिथं आमचा बैल नजरेतही भरणार नाही. पण आमच्या घरच्या प्रत्येक पोरानं त्याला दोरी बांधून ओढलं आहे. यंदा दोघं त्याला घेऊन निघाली आणि पुलावर गर्दीत त्याचं मागचं चाक निघालं, एक कान तुटला. बाजारात प्लास्टिकचे छान रंगीत बैल होते. तुमच्याकडेही होते. दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मी तो मोडका बैल पिशवीत घालून आणला आणि सोबत नवा घेण्याचे पैसेही.

तुम्ही नवा दाखवलाच नाहीत. चाक बसवलंत, आसाला एरंडीचं तेल दिलंत, कान डिंकानं चिकटवून त्यावर दोरा गुंडाळलात. मुलीनं लाल रंग द्या म्हणून धरलं तेव्हा घरातला जुना ऑइलपेंट लावू नका म्हणून मला बजावलंत, त्यात शिसं असतं. गेरू लावा म्हणालात. गेरूच लावला आहे. बैल आता विटकरी झाला आहे आणि दोरा बांधलेला कान थोडा वर उभा राहतो, जणू कुणी हाक मारली आहे.

चाळीस रुपये झाले होते. माझ्याकडे पाचशेची नोट होती आणि तुमच्याकडे सुटे नव्हते. "राहू दे. पुढच्या बुधवारी देजो," म्हणालात. पुढच्या बुधवारी तुम्ही आला नाहीत.

गुडघा खरंच दुखत असेल तर बाजार करू नका, घरीच राहा. पण कुठं आहात तेवढं कुणाकडून तरी कळवा, पोरांना घेऊन मीच येईन. मुलीला तुम्हाला कान दाखवायचा आहे. चाळीस रुपये त्याच काळ्या डबीत घडी घालून ठेवले आहेत. दर बुधवारी निघताना ती डबी पिशवीत टाकते.

तुमची,
दोन पोरांची आई