मराठी पुस्तक वाचलं तर ते मोजायचं नाही का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी नात सहावीत आहे. तिच्या शाळेच्या लायब्ररीत यंदा नवीन सिस्टीम आली, म्हणजे बेन (लायब्ररीच्या बाईंना इथे बडोद्यात बेन म्हणतात) पुस्तकाचा बारकोड स्कॅन करतात, परत दिलं की ते मुलाच्या नावावर चढतं, दहा झाली की स्क्रीनवर बॅज येतो आणि आईबाबांच्या मोबाईलवर सर्टिफिकेट. मला हे मनापासून आवडलं. आमच्या वेळी बक्षीस मिळायचं ते पळण्यात किंवा गणितात पहिल्या आलेल्याला, लायब्ररीचं कार्ड मागून पुढून भरलं तरी कुणी विचारायचं नाही.

पण दिवाळीनंतर नात रडत घरी आली, तिच्या नावापुढे फक्त ३ पुस्तकं. तिनी १४ वाचलीत, मला माहिती आहे, कारण त्यातली ११ मराठी तिनी माझ्या शेजारी पलंगावर बसून मोठ्यानं वाचली, जोडाक्षरापाशी अडली की मी सांगायचे, आणि शेवटच्या दोन पुस्तकांना तर मला काही सांगावंच लागलं नाही. नेमकी तीच धरली गेली नाहीत.

शाळेत जाऊन विचारलं तर कळलं की मागच्या कपाटातली मराठी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवलेलीच नाहीत, अजून जुन्या रजिस्टरमध्येच आहेत. बेनना बोल लावणार नाही, त्या एकट्या आहेत. नव्या पुस्तकाच्या पाठीवर आयएसबीएनचा, म्हणजे त्या पुस्तकाच्या ठरलेल्या नंबराचा, बारकोड असतो, तो स्कॅन केला की नाव, लेखक बऱ्याचदा नेटवरून आपोआप येतं. ही जुनी पुस्तकं कुणाकुणाच्या घरातून भेट आलेली, त्यांच्यावर तो नंबरच नाही, सगळं हातानं टाइप करावं लागतं, म्हणून ते काम मागे पडत गेलं. पण होऊ शकत नाही असं काही नाही हो! कोहासारखं लायब्ररी सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात देवनागरी नीट चालतं, आणि रजिस्टरमधल्या नंबराचंच बारकोड स्टिकर साध्या प्रिंटरवर छापून चिकटवता येतं.

हे बडोद्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली अमेरिकेतून लायब्ररीतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावून लायब्रऱ्यांचं जाळं उभं केलं, पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव पाठवली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आजही गुजराती, हिंदी, इंग्रजीबरोबर मराठी पुस्तकं मिळतात. त्याच शहरातल्या मुलीला वाटावं की मराठी वाचलेलं हिशोबात नाही? परवा ती म्हणाली, आजी, आता इंग्लिशच घेते, पातळ पातळ असतात, पटापट होतात. माझ्या पोटात तुटलं.

यातच दुसरी गोष्ट आली. नुसता आकडा मोजला की मुलं पातळ पुस्तकं उचलतात, ज्यानं २०० पानांचं एकच पुस्तक महिनाभर पुरवून पुरवून वाचलं तो यादीत खाली. बॅज द्यायच्या आधी मुलानं बेनपाशी दोन मिनिटं आवडलेला प्रसंग सांगावा, मग बेननी बटण दाबावं. आणि नंबरांची यादी सगळ्यांसमोर स्क्रीनवर लावू नये, ज्याचं त्याला दिसलं की पुरे.

मी कपाट मोजून आले, ३०० च्या आसपास पुस्तकं आहेत. आमच्या भजनी मंडळातल्या सहा जणी तयार आहेत, दोघींना मराठी टायपिंग येतं, बाकीच्या नाव, लेखक, नंबर वाचून सांगतील, स्टिकर चिकटवतील. दुपारी २ ते ४ येऊ, पैसे नकोत, एक कॉम्प्युटर द्या. बेन लगेच हो म्हणाल्या, आता प्रिन्सिपलांच्या परवानगीची वाट बघतोय. दुसऱ्या कुठल्या शाळेत मराठीचं कपाट असंच पडलं असेल तर तिथल्या आजीआजोबांनीही जाऊन विचारावं, आमचं झालं की आम्ही तिकडेही येऊ.

आपली,
एक वाचक आजी
दांडिया बाजार, बडोदे