अण्णा, त्या एका फोनबद्दल

अण्णा, नमस्कार.

तुम्ही हॉस्पिटलच्या फार्मसीतून रिटायर होऊन निपाणीला गेलात, निरोपाच्या दिवशी नेमकी माझी नाईट होती. म्हणून हे पत्र. मराठी तुम्ही फर्डं बोलता, वाचताना अडखळता. तेव्हा सूनबाईंकडून वाचून घ्या.

मेडिसिन वॉर्डातल्या खानापूरकडच्या आजी आठवतात? पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या. रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन 60 मिलिग्रॅम, बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, सकाळी 9 आणि रात्री 9. मी दुपारी 2 ला ड्यूटीवर आले, चार्ट बघून नेहमीसारखं इंडेंट, म्हणजे औषधाची मागणी, तुमच्याकडे पाठवलं. तासाभरात तुमचा फोन. "सिस्टर, स्वल्प निल्री (जरा थांबा). क्रिएटिनिन बघितलं काय?"

किडनी कशी चालते ते सांगणारी ती रक्ततपासणी. नव्हतं बघितलं. तुम्ही कॉम्प्युटरवर बघितलं होतं: 2.1. वय 74, वजन 60 किलो. फोनवरच हिशोब मांडलात, क्लिअरन्स, म्हणजे किडनीची रक्त साफ करायची क्षमता, बावीसच्या आसपास. तीसच्या खाली गेलं की हे औषध किडनीवाटे नीट बाहेर पडत नाही, अंगात साठतं, रक्तस्राव होऊ शकतो. मग डोस दिवसातून एकदाच. मी केस शीट उघडली, तर दुपारच्या राउंडला डॉक्टरांनी तेच लिहिलेलं, "60 ओडी". चार्टवर मात्र बीडी तसंच. आधीच्या ड्यूटीकडून ओव्हर देताना सांगायचं राहिलं हे खरं, पण केस शीट न उघडता इंडेंट भरलं ते मीच. रात्रीची सिरिंज ट्रेमध्ये तयार होती.

तुम्ही आवाज चढवला नाहीत, मेट्रनकडेही गेला नाहीत. वर आलात आणि सिरिंज परत नेलीत. डॉक्टर 'बी'वर गिरवून 'ओ' करायला लागले तेव्हा म्हणालात, "सर, गिरवू नका. रात्री दोनला ते कुणाला काहीही दिसतं." आणि आपलं लाल पेन पुढं केलंत. जुन्या ऑर्डरवर एक आडवी रेघ, तारीख, वेळ, सही. नवी ऑर्डर खालच्या ओळीत.

तेव्हापासून ऑर्डर बदलली की तुम्हाला फोन, आणि बेड नंबर, नाव, औषध, डोस, वेळ सगळं आम्ही परत म्हणून दाखवायचं. पहिले पंधरा दिवस वैताग आला, खरं सांगते. दारात दोन ॲडमिशन आणि फोनवर ही पोपटपंची! मग एकदा एकाच वेळी तीन पाटील आजी वॉर्डात आल्या, आणि बेड नंबर का विचारता ते कळलं.

खानापूरच्या आजी चालत घरी गेल्या. जाताना माझ्या हातात काजूची पुडी ठेवली. तुम्हाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्यातले निम्मे काजू तुमचे होते अण्णा, मी ते ड्यूटी रूममध्ये संपवले.

लाल पेन आमच्या ड्रॉवरमध्येच आहे. रिफिल दोनदा बदलली. परत मागू नका.

तुमची,
वॉर्डातली सिस्टर