आल्याची गोळी

नंदनवन, नागपूर
पहाटेचे साडेतीन

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

झोप येत नाही. काल रात्री गोळाभात ताटात तसाच टाकून मी वर निघून आले, त्याचं फार वाईट वाटतंय. समोरासमोर बोलायला गेलं की आपल्या दोघांचाही आवाज चढतो, बाबा. म्हणून लिहिते आहे. आज विमानतळावर निघण्याआधी हे पत्र तुमच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवून जाईन.

काल तुम्ही म्हणालात, "अगं, सगळेच खोटं बोलतात. खरं काय ते कोणाला कळणार आहे? मग आपला माणूस बोलतो ते खरं धरायचं." पक्षावरून आपलं भांडण नवं नाही आणि तुम्ही मत कोणाला द्यावं हे मी कधीच सांगणार नाही. पण हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकलं आणि घास उतरेना. अटलांटात गेली काही वर्षं मी हेच ऐकते आहे.

आई, तुला हे कधी नीट सांगितलंच नाही. २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. आमच्या जॉर्जिया राज्यात ट्रम्प जवळजवळ बारा हजार मतांनी हरले. सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हातानं पुन्हा मोजल्या, तरी निकाल तोच. मग मतांत घोटाळा झाल्याचा पुरावा म्हणून मतमोजणीच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लोकांपुढे आणलं गेलं. त्यात कामावरच्या दोघी, मायलेकी. आई लेकीच्या हातात काहीतरी देते. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी सांगून टाकलं की त्या यूएसबी एकमेकींकडे सरकवत होत्या. २०२२ च्या जूनमध्ये संसदेच्या समितीनं त्या लेकीला विचारलं, आईनं तुला काय दिलं होतं? तिनं शपथेवर सांगितलं, आल्याची गोळी.

आल्याची गोळी, आई. परीक्षेला निघताना तू माझ्या मुठीत आलेपाकाची वडी कोंबायचीस, तशी.

त्या माउलीला एफबीआयच्या सल्ल्यावरून जवळजवळ दोन महिने स्वतःचं घर सोडून राहावं लागलं. पुढे २०२३ च्या डिसेंबरात ज्यूरीनं जुलियानींनी त्या दोघींना १४ कोटी ८० लाख डॉलर द्यावेत असा निवाडा दिला. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, स्वतःच्या अंगणातली पानं झाडताना आमचंही अंगण झाडून देतात. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, मला खोटं पाडायलाही गेले नाहीत. शांतपणे म्हणाले, "असेल. सगळेच खोटं बोलतात."

खोटं बोलणाऱ्याला आपल्याला पटवायचंच असतं असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आपण शोधायचं सोडून दिलं की त्याचं काम झालं. मग मोजलेली मतं आणि ओरडून सांगितलेली मतं सारखीच होतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याला हरवता येत नाही. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी जॉर्जियाच्या निवडणुकीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली. ज्या फरकानं ते हरले होते, त्यापेक्षा नेमकं एक मत जास्त. तो अधिकारी त्यांच्याच पक्षाचा. त्यानं आकडा बदलला नाही. चार दिवसांनी ट्रम्प समर्थकांचा जमाव अमेरिकेच्या संसदेत घुसला, आणि २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले त्याच दिवशी त्यातल्या सुमारे १,५०० जणांना माफी मिळाली.

बाबा, त्या अधिकाऱ्याबद्दल वाचलं तेव्हा मला तुम्ही आठवलात.

काल दुपारी आईची ट्रंक उघडली होती. शालूखालचं ते प्रूफ काढून पाहिलं. १९७५ सालचं, तुम्ही एकविसाव्या वर्षी मुद्रितशोधक म्हणून लागलात तेव्हाचं. कागद पापडासारखा झालाय. आख्ख्या बातमीवर सेन्सॉरच्या लाल पेन्सिलीची तिरपी रेघ, कोपऱ्यात शिक्का. आणि समासात तुमचं बारीक अक्षर. गावाच्या नावातली ऱ्हस्व वेलांटी तुम्ही दीर्घ केली आहे. बातमी छापली जाणार नाही हे दिसत असताना! मी शाळेत होते तेव्हा विचारलं होतं, कशाला केली? तुम्ही म्हणालात, "चुकीची कशी सोडणार?" नाव, गाव, आकडा, या तिन्हींवर बोट ठेवल्याशिवाय पान हातातून सोडायचं नाही, हे घरात आम्ही तुमच्याकडूनच ऐकलं.

आणीबाणीत आपल्या नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं की मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवायच्या कायद्याखाली, पकडलेल्यांचं गाऱ्हाणं कोर्ट ऐकू शकतं, हेही तुम्हीच अभिमानानं सांगायचात. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक असं ते फिरवलं, एकटे न्यायमूर्ती खन्ना अडून राहिले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच तो निकाल चुकीचा ठरवला, त्या पीठात नागपूरचे न्यायमूर्ती बोबडे होते, म्हणून तुम्ही मला मध्यरात्री फोन करून उठवलं होतं. एकेचाळीस वर्षांनी का होईना, चूक ही चूक म्हणून लिहिली गेली याचा तुम्हाला केवढा आनंद झाला होता! त्या रात्री तुम्ही म्हणाला नव्हतात की सगळेच खोटं बोलतात.

आता १७ मार्च २०२५ आठवा. औरंगजेबाच्या कबरीवरून आपल्या नागपुरातल्या महाल भागात आंदोलन झालं, पवित्र मजकूर लिहिलेली चादर जाळल्याची अफवा पसरली, आणि रात्री दगडफेक, जाळपोळ. ११ ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, त्यात आपलं नंदनवनही. एका माणसाचा जीव गेला. त्या रात्री तुमच्या फोनवरून घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, "आत्ताचा, हंसापुरीचा" असं लिहून. त्यातल्या दुकानांच्या पाट्या मराठीत नव्हत्या, हिंदीतही नव्हत्या. मी तसं लिहिलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

आईनं मात्र महालातल्या मावशीला फोन लावला आणि ग्रुपवर टाकलं, "मावशी म्हणते गल्लीत पोलीस आहेत, आता शांत आहे, दार लावून बसलोय." पन्नास वर्षं तुम्ही जे काम केलंत, ते त्या रात्री आईनं केलं.

पेपरांवरचा तुमचा राग मला समजतो. ज्या धंद्यात जन्म घातला तिथे जाहिरातदाराला विचारून मथळा ठरताना तुम्ही पाहिलाय. पण पेपर बिघडला म्हणून प्रूफ वाचणं सोडायचं का, बाबा? आणि "आपला माणूस" म्हणाल, तर दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून तुम्हीच मला बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घेऊन दिलं होतं. धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेईल कदाचित, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं ते संविधान सभेत सांगत होते. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ तुमची आहे.

प्रूफ परत शालूखाली ठेवलंय, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. आई, आलेपाकाचा डबा बॅगेत टाकलास ते पाहिलं. त्यातल्या दोन वड्या शेजारच्या आजोबांना देईन, आणि त्या मायलेकींची गोष्ट पुन्हा सांगेन.

बाबा, या पत्रातली नावं, गावं, आकडे तपासून बघा. चुकलेलं सापडलं तर लाल शाईनं दुरुस्त करा आणि फोटो पाठवा. मी वाट बघते.

तुमची,
मोठी