विषय: टाके चाटतानाचा व्हिडिओ मी पाठवणार नाही

आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुमच्या कस्टमर केअरशी पाचवा कॉल झाला आणि मी अजून बोलतच होते तोवर फोनवर तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' झाल्याचा मेसेज आला. काहीही रिझॉल्व्ह झालेलं नाही. म्हणून आता थेट मॅनेजमेंटला लिहितेय आणि ज्यांनी कोणी हा कोन, कुत्र्याने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा, डिझाइन केलाय त्यांच्यापर्यंत हे पोचवा.

कोन कुठला ते सांगायची गरज नाही, पारदर्शक वेल्क्रोवाला, एल साइज, ऑर्डर नंबर पाचही तिकिटांवर आहे. घेतला आमच्या कुत्रीसाठी, चिंगीसाठी. चिंगी १७ किलोची, सडपातळ, तोंड लांब. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढले, पोटावर मधोमध बेंबीच्या खाली चार बोटं लांब टाके. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली, कोन दिवसरात्र ठेवायचा, टाके काढेपर्यंत म्हणजे १० ते १४ दिवस, बिचारीला त्रास होतोय म्हणून पाच मिनिटं काढला असं करायचं नाही. आम्ही एकदाही काढला नाही. उड्या नको, जिने नको, आंघोळ नको, बाहेर फक्त शी-शूपुरतं तेही पट्टा लावून, सकाळ-संध्याकाळ टाके बघायचे की लाल झालेत का, सूज आहे का, पाणी येतंय का, वास येतोय का. सगळं केलं. सोफ्यासमोर खुर्च्या आडव्या लावून ठेवल्या तिने चढू नये म्हणून. आमच्याकडून काहीही राहिलं नाही, हे आधीच सांगते कारण तुमच्या प्रत्येक माणसाचा पहिला प्रश्न तोच होता, "मॅम, तुम्ही नीट घातला होता का?"

हो. नीट घातला होता. तुमच्या चार्टप्रमाणे टेपने मोजून मागवला, गळा ३८ सेंटिमीटर, तुमचा एल ३६ ते ४२ चा. गळ्याला बरोबर बसला, दोन बोटं आत जात होती जशी जायला पाहिजेत. पण तुमचा चार्ट वजन विचारतो, गळा विचारतो आणि तिथेच थांबतो. गळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर विचारतच नाही! कोन घातल्यावर त्याची कड नाकाच्या पुढे दोन-तीन बोटं तरी गेली पाहिजे, एवढं एकच तर काम आहे त्या वस्तूचं. तुमच्या कोनची कड चिंगीच्या नाकाच्या अलीकडेच संपत होती. बसलेली असताना ते लक्षात येत नाही हो, ती अंगाचं वेटोळं करून झोपते तेव्हा कळतं.

पहिला दिवस भुलीच्या गुंगीत गेला, ती नुसती पडून होती. दुसऱ्या दिवशी वेल्क्रो दोनदा उघडलं, त्यात तिचे केस अडकून ते चिकटेचना, म्हणून मी वरून चिकटपट्टी गुंडाळली. तेव्हाच पहिला कॉल केला होता. त्या मुलाने मला काय सांगितलं, घरात असेल ती पेनकिलर द्या म्हणजे शांत झोपेल. घरात असेल ती! आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या पेनकिलरने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते, डॉक्टरांनी तिला दिलेलं वेदनेचं औषध मेलॉक्सिकॅमसुद्धा आम्ही वजनावर थेंब मोजून देत होतो. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी ते ऐकलं असतं तर?

चौथ्या रात्री तीन वाजता मला जाग आली ती आवाजाने. चप् चप् चप्, एका लयीत. लाइट लावला तर कोन गळ्यात होता. नीट होता. तिने कोनची कड मांडीवर दाबून दुमडली होती आणि नाक पूर्ण बाहेर. खालच्या दोन टाक्यांचे दोरे ओले होऊन लोंबत होते आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली होती, आत गुलाबी दिसत होतं. ती माझ्याकडे बघून शेपटी हलवत होती. माझे हात थरथरत होते. सकाळपर्यंत मी तिच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक हात तिच्या हनुवटीखाली धरून.

डॉक्टर म्हणाले फक्त वरची कातडी उसवलीये, आतला स्नायूचा थर शाबूत आहे. तो उसवला असता तर आतडी बाहेर येऊ शकतात, हे तुम्हाला माहिती असणारच, बॉक्सवर ऑपरेशननंतरच्या सुरक्षेसाठी असं तुम्हीच छापलंय. तिला परत गुंगी दिली, परत टाके, अँटिबायोटिक, आणि चार दिवस वाया जाऊन परत पहिल्यापासून मोजणी.

आता तो कॉल. चौथा. हा मी शब्दाला शब्द लिहितेय कारण त्या दिवसापासून तो डोक्यातून जात नाहीये. मी सगळं सांगितलं, टाके उसवलेले फोटो पाठवले, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली. तो म्हणाला, "मॅम, फोटो चालत नाही, प्रॉडक्ट घातलेलं असताना पेट जखमेपर्यंत पोचतंय असा व्हिडिओ लागेल." मी म्हटलं, "म्हणजे काय करू?" तर म्हणाला, "मॅम, प्रॉडक्टचा टॅग, पेटचा चेहरा आणि जखम तिन्ही एका फ्रेममध्ये दिसायला हवं." मी म्हटलं अहो तिला परवाच नवीन टाके घातलेत, तुम्ही मला तो कोन परत घालून तिला टाके चाटू द्यायला सांगताय का? त्यावर तो म्हणाला, "मॅम, दहा-पंधरा सेकंदच हवेत."

दहा-पंधरा सेकंद.

मला दोन क्षण बोलताच आलं नाही. मग मी विचारलं तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय. तो म्हणाला सिनियरला विचारतो, सात मिनिटं गाणं लावून ठेवलं आणि परत येऊन म्हणाला, "मॅम, व्हिडिओ कंपल्सरी आहे, आणि तसंही चाटल्याने जखम लवकर भरते म्हणतात." ज्या कंपनीचा धंदाच कुत्र्याने जखम चाटू नये यावर चालतो त्या कंपनीचा माणूस मला हे सांगतो. जीभ जखमेवर घासते, तोंडात जंतू असतात, पुढच्या दातांनी कुत्री दोरा ओढून काढतात, हे मी तुम्हाला शिकवायचं? मला त्या मुलावर राग नाही, त्याच्यासमोर जे लिहिलेलं होतं ते तो वाचत होता. ते लिहिलं कोणी? सिनियर कोण होते? त्यांच्या घरात कुत्रा आहे का?

आणि आजच्या कॉलवर नवीन कारण, वापरलेलं प्रॉडक्ट रिटर्न होत नाही. न वापरता ते खराब आहे हे कळणार कसं?

मला पाहिजे ते लिहून ठेवते. कोनचे पैसे परत, दुसऱ्यांदा टाके घालायचं डॉक्टरांचं बिल, आणि त्या व्हिडिओच्या मागणीबद्दल लेखी माफी, नावानिशी, नेहमीचा छापील मेसेज नको. पण त्याआधी, आजच्या आज, साइज चार्टमध्ये नाकापर्यंतचं माप घाला. एक ओळ वाढवायचीये. आमच्या डॉक्टरांनी दुसरा कोन दिला तो तुमच्याहून सात सेंटिमीटर खोल आहे आणि वेल्क्रोवर विसंबायला नको म्हणून त्याच्या गळ्याजवळच्या लूपमधून गॉजची पट्टी ओवून ती गळ्यातल्या पट्ट्याला बांधलीये, हे डिझाइन करायला काही फार मोठं डोकं लागत नाही. जोपर्यंत चार्ट बदलत नाही तोपर्यंत लांब तोंडाच्या प्रत्येक कुत्र्याला तुम्ही आखूड कोन विकताय, आणि त्यांच्याही घरी कोणीतरी तीन वाजता लाइट लावणार आहे.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर सगळे फोटो, चिठ्ठी आणि कॉलच्या तारखा घेऊन मी ग्राहक तक्रार दाखल करणार. आमच्या आधीच्या कुत्र्याचा पट्टा तुमचाच होता, नऊ वर्षं टिकला, म्हणून डोळे झाकून तुमचा कोन घेतला होता.

चिंगीचे टाके अजून सहा दिवसांनी काढायचेत. तोवर मी तिच्याशेजारी जमिनीवरच झोपतेय, फोन चालू असतो, या वेळी फोन तुम्ही करा. आणि व्हिडिओ परत मागू नका.