कौन्सिल सदस्याचे मत आणि शहराची सनद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी माणसे आता येथील सिटी कौन्सिलच्या आणि शाळा मंडळांच्या निवडणुका लढवू लागली आहेत आणि त्यांच्या विजयाच्या बातम्या आपण अभिमानाने वाचतो. निवडून आल्यावर शहराची सनद, म्हणजेच सिटी चार्टर ही शहराच्या कारभाराची मूलभूत नियमावली, त्यांना काय बोलू देते आणि काय नाही, याची चर्चा मात्र मराठीत झालेली माझ्या वाचनात नाही. मी येथील एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो आणि कौन्सिलच्या बैठकांना नेमाने बसतो. त्या बैठकांतून हा प्रश्न मला जितका गंभीर वाटू लागला आहे, तितक्या गंभीरपणे तो मांडण्याची संधी आपण द्यावी, ही विनंती.

अनेक राज्यांत शहरांना आपली सनद स्वतः तयार करून मतदारांच्या कौलाने संमत करण्याचा अधिकार आहे. मिझुरी राज्याने 1875 च्या राज्यघटनेत त्याची सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या आरंभी या सनदांतून एक नवी कारभारपद्धत रुजली. लोकांनी कौन्सिल निवडायची, कौन्सिलने एक व्यावसायिक सिटी मॅनेजर नेमायचा आणि रोजचा कारभार त्याच्यावर सोपवायचा, अशी ती पद्धत. दक्षिण कॅरोलिनातील सम्टर शहराने ती 1912 मध्ये स्वीकारली, ओहायोतील डेटनमध्ये ती 1914 मध्ये लागू झाली, आणि 1915 मध्ये नॅशनल म्युनिसिपल लीग या नगरकारभार सुधारणेसाठी काम करणाऱ्या संस्थेने आपल्या नमुना सनदेत तिला स्थान दिले. आज शेकडो शहरांच्या सनदा त्या नमुन्यावर बेतलेल्या आहेत.

त्या नमुन्यात हस्तक्षेपबंदीचे एक कलम आहे. चौकशीचा अपवाद वगळता कौन्सिलने आणि तिच्या सदस्यांनी मॅनेजरच्या हाताखालील अधिकाऱ्यांशी व कर्मचाऱ्यांशी केवळ मॅनेजरमार्फतच व्यवहार करावा आणि त्यांपैकी कोणालाही उघडपणे अथवा खासगीत आदेश देऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यामागचे कारण सबळ होते. वॉर्डावर पकड असलेला पुढारी आपली माणसे नोकरीत लावायचा, रस्त्याचे कंत्राट कोणाला मिळावे हे अभियंत्याला परस्पर सांगायचा आणि न ऐकणाऱ्याला घरी पाठवायचा, हा त्या काळातील अनेक शहरांचा अनुभव होता. हे कलम रद्द व्हावे, असे मी मुळीच म्हणत नाही.

माझा आक्षेप त्याच्या वापराला आहे. पाण्याची मुख्य वाहिनी बदलण्याचे काम का रखडले, असे एखाद्या सदस्याने जाहीर बैठकीत विचारले, पोलिस खात्याच्या एखाद्या धोरणावर वर्तमानपत्रात टीका केली किंवा मॅनेजरच्या कामगिरीबद्दल समाजमाध्यमांवर असमाधान व्यक्त केले, की सनदेतील हेच कलम त्याच्यासमोर धरले जाते. ‘उघडपणे’ हा शब्द तेथे आदेशाला जोडलेला आहे, पण तो वाचला जातो टीकेला जोडून. एवढ्यावर भागत नाही. नमुना सनदेनुसार सनदेतील स्पष्ट मनाईचा भंग करणाऱ्या सदस्याचे पद जाते, आणि तसा भंग झाला की नाही हे ठरवणारी संस्था कौन्सिलच असते. काही शहरांच्या सनदांत तर असा भंग हा किरकोळ गुन्हाही मानला आहे. ज्या बहुमताच्या कारभारावर टीका झाली, त्याच बहुमताने टीकाकाराचे पद राहावे की जावे हे ठरवायचे, ही रचना मला अत्यंत धोकादायक वाटते. प्रत्यक्षात पद फार थोड्यांचे जात असेल, परंतु ते जाऊ शकते एवढे माहीत असणे पुरेसे होते आणि नव्याने निवडून आलेला, कायद्याची फारशी ओळख नसलेला सदस्य गप्प बसतो.

या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले आहे, ते पाहणे उपयुक्त ठरेल. व्हिएतनाम युद्धाविरोधातील निवेदनाला पाठिंबा दिला म्हणून निवडून आलेल्या ज्युलियन बाँड यांना जॉर्जियाच्या विधानसभेत आसन नाकारण्यात आले, तेव्हा 1966 मध्ये न्यायालयाने एकमताने ती कृती घटनाबाह्य ठरवली आणि धोरणाच्या प्रश्नांवर मत मांडण्याची सर्वांत व्यापक मोकळीक लोकप्रतिनिधींना असली पाहिजे, असे सांगितले. ते प्रकरण राज्याच्या विधिमंडळाचे असले, तरी त्यातील तत्त्व कौन्सिलला लागू न होण्याचे कारण मला दिसत नाही.

मोकळीक दोन्ही बाजूंनी असते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले आहे. ह्यूस्टनच्या सामुदायिक महाविद्यालय मंडळाचे निर्वाचित सदस्य डेव्हिड विल्सन यांच्यावर सहकाऱ्यांनी 2018 मध्ये निंदाठराव केला. त्यामुळे आपल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला, हा त्यांचा दावा 2022 मध्ये एकमताने फेटाळला गेला. लोकप्रतिनिधीने टीका सोसावी आणि आपले बोलणे चालू ठेवावे, असा त्या निकालाचा रोख आहे. शब्दांना शब्दांनी दिलेले उत्तर म्हणून निंदाठराव मलाही मान्य आहे. मात्र त्याच निकालात न्यायालयाने बजावले की हकालपट्टी किंवा तत्सम शिक्षांबद्दल आपण येथे काहीही ठरवत नाही. म्हणजे सनदेच्या आधारे पद काढून घेण्याचा प्रश्न त्या निकालाने सुटलेला नाही, आणि विल्सन प्रकरणाचा हवाला देऊन ‘कौन्सिल सदस्यावर कोणतीही कारवाई करता येते’ असे जे सांगितले जाते, ते चुकीचे आहे.

माझ्या मते तितकाच चुकीचा हवाला 2006 च्या गार्सेट्टी प्रकरणाचा दिला जातो. सरकारी नोकर आपल्या कामाचा भाग म्हणून जे बोलतो त्याला पहिल्या घटनादुरुस्तीचे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीचे, संरक्षण नाही, असा तो निर्णय आहे. निवडून आलेल्यांना तो लागू होतो का, यावर कनिष्ठ न्यायालयांत एकमत नाही. मला विचाराल तर उत्तर सरळ आहे. नोकराला वरिष्ठ असतो, आणि त्या वरिष्ठाला कामाच्या जागी शिस्त राखावी लागते; कौन्सिल सदस्याचा वरिष्ठ मतदार असतो आणि त्याला आपल्या प्रतिनिधीने बोललेले हवे असते. मॅनेजरची नेमणूक कौन्सिल करते, तेव्हा मॅनेजरच्या सोयीसाठी कौन्सिल सदस्याला नोकराच्या पायरीवर उतरवणे म्हणजे सनदेचीच मांडणी उलटी करणे होय.

बंधनेच नकोत, असे कोणी समजू नये. नेव्हाडातील स्पार्क्स शहराचे सदस्य मायकेल कॅरिगन यांच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सदस्याचे मतदान हे त्याचे वैयक्तिक भाषण नाही, तो लोकांनी त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेला अधिकार आहे. म्हणून हितसंबंध गुंतलेले असताना मतदानापासून दूर राहण्याचा नियम योग्यच आहे. बंद बैठकीतील गोपनीय माहिती बाहेर न सांगणे किंवा एखाद्या नागरिकाच्या बांधकाम परवान्याची सुनावणी न्यायाधीशाच्या भूमिकेतून करायची असताना आधीच निकाल जाहीर न करणे, हेही तसेच नियम.

आता मुख्य मुद्दा. या पद्धतीच्या सनदांचा पाया असा की कौन्सिलचा अधिकार सामूहिक आहे, एकट्या सदस्याला कोणताही प्रशासकीय अधिकार नाही. हे एकदा मान्य केले, की एकट्या सदस्याचे जाहीर मत आदेश कसे ठरू शकेल? ज्याला आदेश देण्याचा अधिकारच नाही, त्याने ‘हे काम वाईट झाले आहे’ असे म्हटल्याने कोणताही कर्मचारी बांधला जात नाही, आणि त्याने उद्या कोणते काम हाती घ्यावे हे तरीही मॅनेजरच ठरवतो. अर्थात काही सदस्य मत सांगण्याच्या मिषाने धमकी देतात, हे मी पाहिले आहे. ‘हे आठवड्यात झाले नाही तर तुमची जागा राहणार नाही’ असे कर्मचाऱ्याला सुनावणे हा आदेशच आहे आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. भर बैठकीत एखाद्या कनिष्ठ कारकुनाचे नाव घेऊन त्याला दोष देणेही मला अन्यायाचे वाटते, कारण त्याला तेथे उत्तर देता येत नाही. परंतु खातेप्रमुख आणि मॅनेजर यांच्या जाहीर कामाची जाहीर चिकित्सा ही वेगळी गोष्ट आहे. ती करण्यासाठीच तर लोक सदस्य निवडतात.

टीकेचा सूड सनदेबाहेरच्या मार्गानेही घेतला जातो, असा आरोप न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. टेक्सासमधील कॅसल हिल्स या लहान शहराच्या सदस्य सिल्व्हिया गोन्झालेझ यांनी 2019 मध्ये सिटी मॅनेजरला हटवण्याच्या अर्जासाठी पुढाकार घेतला; पुढे तोच अर्ज त्यांच्या फाइलमध्ये सापडल्याचे कारण देऊन सरकारी कागदपत्राबाबतच्या गुन्ह्याखाली त्यांना अटक झाली. ते आरोप नंतर मागे घेण्यात आले. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूडबुद्धीच्या अटकेचा त्यांचा दावा पुन्हा विचारात घेण्यास सांगितले. बहात्तराव्या वर्षी तुरुंगाची हवा खावी लागलेल्या या बाईंचे उदाहरण पाहून लहान शहरात उमेदवारी करायला कोण पुढे येईल, याचा विचार सर्वांनी करावा.

म्हणून माझी सूचना दोन दुरुस्त्यांची आहे. पहिली, हस्तक्षेपबंदीच्या कलमाखाली असे एक वाक्य जोडावे की शहराच्या धोरणांवर, खात्यांच्या कामगिरीवर किंवा मॅनेजरच्या कामावर सदस्याने बैठकीत अथवा बाहेर व्यक्त केलेले मत या कलमाचा भंग मानले जाणार नाही. दुसरी, पद रद्द करण्याचा निर्णय कौन्सिलच्या बहुमताकडे न ठेवता बाहेरच्या निःपक्ष सुनावणी अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयाकडे सोपवावा. बहुतेक शहरांत सनदेतील बदल मतदारांच्या कौलानेच होतो, आणि त्याआधी सनद आढावा समिती नागरिकांच्या सूचना ऐकते. या बैठकांना बोटांवर मोजण्याइतके लोक येतात. येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी आपल्या शहराच्या सनदेतील हे कलम काढून पाहावे, आणि समितीसमोर मिळणाऱ्या तीन मिनिटांत ही दोन वाक्ये मांडावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक