तोलोलिंगचे पहिले तीन आठवडे पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २६ जुलैला पेपरात टायगर हिलवरच्या तिरंग्याचा फोटो येतो, विक्रम बत्रांवर चार ओळी येतात आणि कारगिल संपतं. फोटो यायलाच हवा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण १९९९ च्या त्या युद्धात टायगर हिलच्या आधी तोलोलिंगचा डोंगर होता आणि तो हाती लागायच्या आधीचे जे तीन आठवडे गेले त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि आता तर ड्रोन-मिसाइलचे व्हिडिओ बघून लोक बिनधास्त बोलायला लागलेत की पायदळाचं काम संपलं. ऐकून खरंच वाईट वाटतं.

तोलोलिंग द्रास गावाच्या अगदी डोक्यावर आहे, श्रीनगर-लेह हायवेवरून सरळ दिसतं. १९९९ च्या मे महिन्यात वर बसलेला शत्रू रस्त्यावरची प्रत्येक गाडी बघून तोफा डागायला लावत होता. लेहकडे रसद जायची ती मुख्यतः याच रस्त्याने, त्यामुळे हा डोंगर घेतल्याशिवाय पुढचं काही होणारच नव्हतं. आधी वाटलं वर थोडेफार घुसखोर असतील, निघाले पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक, दगडांचे संगर (म्हणजे दगड रचून केलेले आडोसे) उभारून मशीनगन लावून बसलेले. १८ ग्रेनेडियर्स पलटण मे अखेर वर चढायला लागली तेव्हा पाठीशी पुरेसा तोफखाना नव्हता आणि वर किती जण आहेत याची नीट माहिती पण नव्हती. २८ मेला आपल्या हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं, आतले चौघंही गेले. मग याच पलटणीचे मेजर राजेश अधिकारी गेले, जूनच्या सुरुवातीला लेफ्टनंट कर्नल आर. विश्वनाथन गेले.

हल्ला रात्रीच का, हे पण कधीतरी नीट समजावून सांगा. त्या उतारावर झाड नाही झुडूप नाही, दिवसा माणूस हलला की वरून दिसतो. म्हणून अंधार पडला की निघायचं, पाठीवर दारूगोळा, हाताने दगड चाचपत रात्रभर चढायचं, चढताना घाम येतो आणि जरा थांबलं की तोच घाम अंगावर गोठतो, एक दगड सुटून घरंगळला तरी वरून गोळीबार सुरू. आणि उजाडायच्या आत माथा गाठता आला नाही तर उघड्या कड्यावर दगडाआड दिवसभर अडकून पडायचं. कुणी जखमी झालं तर त्याला खाली न्यायला चार धडधाकट माणसं लागतात, तेवढे हल्ल्यातले कमी. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तोलोलिंगचा माथा ४५९० मीटर. तिथे नुसतं चालताना धाप लागते.

जूनमध्ये काय बदललं? २ राजपुताना रायफल्सला तयारीला वेळ मिळाला, बोफोर्स तोफा आणून थेट संगरांवर मारा केला, आणि १२ जूनच्या रात्री हल्ला चढवून १३ ला पहाटे तोलोलिंग घेतलं. मेजर विवेक गुप्ता त्यात गेले. एवढ्या तोफा चालल्या तरी शेवटचा टप्पा ग्रेनेड टाकत, एकेक संगर मोकळा करत जवानांनीच पार केला ना? ड्रोन शत्रू दाखवेल, मारेलही, पण माथ्यावर जाऊन तो ताब्यात ठेवायला माणूसच लागतो. याच २ राजपुताना रायफल्ससोबत लढणारे नागालँडचे कॅप्टन केंगुरुसे २८ जूनच्या रात्री द्रास भागातल्याच ब्लॅक रॉक नावाच्या कड्यावर पाय सटकतात म्हणून बूट काढून अनवाणी चढले आणि तिथेच कामी आले. आणि तोलोलिंगवर एवढी माणसं गमावलेल्या त्याच १८ ग्रेनेडियर्सनी ४ जुलैला टायगर हिलचा माथा घेतला, ही गोष्ट किती जणांना माहीत आहे?

घाईने वर पाठवलं की काय होतं आणि तयारीला वेळ दिला की काय होतं, हे एकाच डोंगरावर तीन आठवड्यांत दिसलं. कुठे सीमेवर काही झालं की टीव्हीवर "आत्ताच घुसा" म्हणणाऱ्यांनी तर हे वाचायलाच पाहिजे.

म्हणून विनंती आहे, पुढच्या वर्षी द्रासचा एक साधा नकाशा आणि २२ मे ते १३ जून दिवसवार काय घडलं ते छापा. साताऱ्याचं अपशिंगे, शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी अशा घरोघरी सैनिक असलेल्या गावांत वार्ताहर पाठवा, त्या उन्हाळ्यात कारगिल भागात ड्युटीवर असलेले कुणी तिथे असतील तर त्यांच्याशी बोला, रसद वाहणारे, तोफेवरचे, ड्रायव्हर, सगळे. आणि हे सगळं जुलैवर ढकलू नका, १३ जूनलाच येऊ द्या.

आपला एक नियमित वाचक,
पुणे